सर्चमध्ये वाघ

१

साधं वेब ॲप. एक यादी, यादीत प्राणी, नावावर बोट टेकवलं की पान: फोटो, आकार, कुठे राहतो, काय खातो. प्रोग्रामिंग शिकणारी मुलं सरावासाठी नेहमी हेच करतात. त्यांच्या यादीत सिंह, जिराफ, पांडा असतात. आमच्या वाचनालयातल्या मुलांना अट घातली: प्राणी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या टापूत मोकळा राहणारा हवा.

२

फळ्यावरची पहिली यादी: बिबट्या, चितळ, सांबर, भेकर, वानर, मुंगूस, कोल्हा, मगर, घोरपड, नाग, घोणस, धामण, रोहित, घार, घुबड, वटवाघूळ, कासव, विंचू.

“ताई, मगर?”

पवईच्या तलावात. विहारच्याही.

“आणि कोल्हा?”

विक्रोळीच्या खारफुटीत. कन्नमवार नगरात कुणालाही विचार.

३

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला मुलुंड, वर ठाणे, खाली आरे. ‘कुठे राहतो’ या रकान्यात मुलांनी बिबट्यापुढे ‘राष्ट्रीय उद्यानात’ असं लिहिलं. डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरी पूर्वेला एका बालवाडीत बिबट्या शिरला होता. जानेवारी २०१८ मध्ये मुलुंडच्या नाणेपाड्यात. नाणेपाडा मुलुंड पूर्वेला, म्हणजे रेल्वे रुळांच्या पलीकडे.

रकान्याचं नाव बदललं. आता तिथे ‘कुठे भेटू शकतो’ आहे.

४

आरेतल्या पाड्यांवर बिबट्याला वाघच म्हणतात. वारल्यांचा देव वाघोबा हाच. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेच्या आसपास देवस्थानं अभ्यासकांनी नोंदवली आहेत.

पाड्यावरची बाई मोबाइलवर ‘वाघ’ टाइप करणार. तिला ताडोबातल्या पट्टेरी वाघाची माहिती दाखवली, तर आपण तिच्या काहीही उपयोगाला आलो नाही. आमच्या सर्चमध्ये ‘वाघ’ टाकलं की बिबट्याचं पान उघडतं. बोरिवलीला सफारीत पट्टेरी वाघ आहेत, पण ते कुंपणात. ते यादीत नाहीत.

५

मुलांच्या पहिल्या मसुद्यातून काढलेले शब्द: क्रूर, हिंस्र, भयंकर, चपळ, डौलदार, नरभक्षक, गोंडस, राजबिंडा.

६

सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ मध्ये आलं. त्यात आकार सांगायची रीत अशी: पक्षी चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेपेक्षा थोडा मोठा, कावळ्यापेक्षा लहान. झाडावर बसलेला पक्षी हातात धरून मोजता येत नाही, पण कावळा प्रत्येकाने पाहिलेला असतो. ऐंशीहून अधिक वर्षं झाली, याहून चांगली सोय मला दिसलेली नाही. आमच्या ॲपमध्ये ‘आकार’ या रकान्यात आता सेंटिमीटर नाहीत. मुंगूस: मांजरापेक्षा बारीक, अंगाने लांबट. कोल्हा: गावठी कुत्र्यापेक्षा थोडा लहान.

७

बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक बिबट्याची वेगळी. इतपत बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं मुलांना नवीन होतं: त्याच बिबट्याची डावी कूस आणि उजवी कूस यांवरची मांडणीही वेगळी. एका बिबट्याचा फक्त डाव्या बाजूचा फोटो असेल आणि दुसऱ्या रात्री फक्त उजव्या बाजूचा मिळाला, तर तो तोच की दुसरा, हे सांगता येत नाही. म्हणून जंगलात पायवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लावतात. मधून जनावर गेलं की दोन्ही कुशी एकाच वेळी टिपल्या जातात.

डेटाबेसमध्ये ‘फोटो’ असा एकच रकाना होता. आता ‘डावी कूस’ आणि ‘उजवी कूस’ असे दोन आहेत. ज्या मुलाने हा बदल केला, तो त्या दिवशी उद्यानातल्या कॅमेऱ्यांबद्दल घरी सगळ्यांना सांगत बसला, असं त्याच्या आईने सांगितलं.

८

उद्यान आणि परिसरातल्या कॅमेरा-गणनेत २०१५ मध्ये ३५ बिबटे ओळखले गेले, २०१८ मध्ये ४७. दोन्ही आकडे पानावर आहेत, दोन्हींपुढे वर्ष आहे. वर्ष नसलेला आकडा आम्ही छापत नाही.

९

२००९ साली अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक म्हातारा नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएस पट्टा घातला, माळशेज घाटात सोडलं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी त्याच्या मागावर होते. त्याच्या वयाकडे पाहून नाव ठेवलं ‘आजोबा’. आजोबा चालत सुटला. शेतं, रस्ते, रेल्वे, खाडी ओलांडत, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून तो बोरिवलीच्या उद्यानाच्या टापूत पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेत मेला. कातडीखालच्या चिपवरून ओळख पटली.

२०१४ साली त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला. मुलांना चित्रपट ठाऊक नव्हता. गोष्ट ऐकून एकीने विचारलं, “त्याचा आयडी कुठला धरायचा? नाव की चिपचा नंबर?”

चिपचा नंबर. नाव वेगळ्या रकान्यात. दोन बिबट्यांचं नाव एक असू शकतं.

१०

आजोबाच्या गोष्टीला लागून असलेली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. २००४ साली उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसं मेली. त्याआधीच्या वर्षांत दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून या जंगलात सोडले जात होते. जुन्नर भागातही हेच दिसलं होतं: ऊसपट्ट्यात बिबटे पकडून दूर जंगलात सोडायला लागल्यावर हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो. तो रिकामा झाला की दुसरा येतो, आणि उचलून नेलेला अनोळखी मुलखात भरकटतो.

“पकडून घेऊन जा” ही मागणी प्रत्येक सोसायटीच्या सभेत होते. मागणी करणाऱ्यांना घरातल्या लहान मुलांची काळजी असते, आणि ती काळजी खरी आहे. म्हणून बिबट्याच्या पानावर हा मजकूर सर्वात मोठा ठेवला आहे, काय खातो त्याच्याही वर.

११

सर्वात वर मात्र एक नंबर: १९२६. वन विभागाची हेल्पलाइन. बिबट्या इमारतीत असेल तेव्हा कुणी परिच्छेद वाचत नाही.

१२

मुळाक्षरांत ळ कुठे येतो? ह च्या नंतर. कॉम्प्युटरच्या युनिकोड तक्त्यात कुठे आहे? ल च्या लगेच नंतर. त्यामुळे यादी अकारविल्हे लावायला सांगितली, तर असा क्रम येतो: काळा विंचू, कावळा, कासव. शाळेत शिकवलेल्या क्रमाने हवं: कावळा, कासव, काळा विंचू. जावास्क्रिप्टला क्रम लावताना मराठीचा भाषा-कोड दिला की तो बरोबर लावतो. मराठीचे नियम कुणीतरी आधीच बसून लिहून ठेवलेले आहेत. एक छोटा शब्द द्यायचा, बस. आणि तरीही इतक्या मराठी साइटांवर याद्या उलटसुलट असतात.

१३

ॲटलास पतंग. बोरिवलीच्या जंगलात पावसाळ्यात दिसतो, पंख उघडले की मोठ्या माणसाचा पंजा झाकेल एवढा. सर्चमध्ये मिळेना. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधी अ वर वेगळा चंद्र चढवून ते जुळवत असत, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच जुळवतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, सर्चला दोन वेगळे शब्द दिसतात. आता शोधण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणतो.

पतंगाच्या पानावरचं सर्वात आवडतं वाक्य: प्रौढ ॲटलास पतंग काहीच खात नाही. अळी असताना साठवलेल्यावर जगतो, आणि थोडेच दिवस जगतो.

१४

बिबट्या या शब्दात अक्षरं किती? मुलं: तीन. जावास्क्रिप्ट: सात.

१५

फोटो. गुगलवरून उचललेला फोटो लावायचा नाही, हे सांगितल्यावर खोलीत शांतता. मग प्रश्न: “श्रेय दिलं तरी?” श्रेय दिलं तरी, परवानगी नसेल तर नाही. आयनॅचरलिस्टवर लोक निरीक्षणांचे फोटो टाकतात. तिथला आपोआप लागणारा परवाना असा: नाव द्या, वापरा, पण धंद्यासाठी नाही. आमचं काम धंद्याचं नाही. प्रत्येक फोटोखाली टिपणाऱ्याचं नाव आणि परवाना, वाचता येईल एवढ्या अक्षरात.

याचा दुसरा फायदा मोठा निघाला. फोटो इथलेच मिळाले. आमच्या पानावरची घार घाटकोपरच्या इमारतीवर बसलेली आहे.

१६

सर्वात जास्त मागितली गेलेली सोय: “आत्ता बिबट्या कुठे आहे ते नकाशावर दाखवा.”

देणार नाही.

आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्राण्यांची नेमकी जागा झाकतं: ०.२ अंश बाय ०.२ अंश एवढ्या चौकोनात कुठेतरी ठिपका टाकतं. इथल्या अक्षांशावर तो चौकोन साधारण २१-२२ किलोमीटरचा होतो. बोरिवली ते अंधेरी अंतर त्याहून कमी आहे. म्हणजे ठिपक्यावरून काहीच कळत नाही, आणि ते तसंच हवं.

नेमकी जागा कळली की कोण येतं? कॅमेरावाले येतात, गर्दी येते, फासेवाला येतो. घेरला गेला की बिबट्या माणसांवर उलटू शकतो. जागा दाखवणारा नकाशा म्हणजे घेराव घालायचं निमंत्रण. ज्यांना रात्री एकटं जावं लागतं, त्यांना ठिपका नको असतो. त्यांना उजेड लागतो, सोबत लागते आणि कचरा उचललेला लागतो.

१७

कचरा, कारण: कचऱ्यावर डुकरं आणि कुत्रे, कुत्र्यांवर बिबटे.

२०१८ मध्ये एका शोधनिबंधात अंदाज मांडला गेला की उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटके कुत्रे खातात आणि त्यामुळे कुत्रा चावण्याच्या सुमारे १,००० घटना टळतात. हा अंदाज आहे, मोजणी नाही. पानावर ‘अंदाज’ हा शब्द ठळक केला आहे.

१८

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या परिशिष्टांत कुठला प्राणी कुठे, यावर शिक्षा ठरते. २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू. सहा परिशिष्टांची चार झाली. मराठीत सहज सापडणाऱ्या बहुतेक पानांवर अजून जुनीच सहा आहेत.

जुन्या पाचव्या परिशिष्टात कावळा, उंदीर, घूस आणि फळं खाणारी वटवाघळं ‘उपद्रवी’ म्हणून नोंदलेली होती. ते परिशिष्टच आता नाही.

कावळ्याच्या पानाला वाचक कमी. मला ते पान फार आवडतं.

१९

सापांच्या पानांना क्रम वेगळा. आधी ‘चावला तर’, मग नाव, मग बाकी सगळं.

चावला तर: हलू नका. जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. साप पकडायला जाऊ नका. सरकारी रुग्णालय. प्रतिविष तिथे मिळतं. भारतात मिळणारं प्रतिविष चार सापांच्या विषापासून बनतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी किती वर्षं जोडलेलं आहे, हे मुलांना सांगितलं. हाफकिन म्हणजे रेल्वेतून दिसणारी एखादी पाटी असेल, असं त्यांना वाटत होतं.

धामणीच्या पानावर पहिलं वाक्य: बिनविषारी. दुसरं: उंदीर खाते. तिसरं: मारू नका. मुलुंड कॉलनीतल्या एका वॉचमन काकांनी ते पान मोबाइलवर उघडून ठेवलं आहे. कुणी काठी घेऊन आलं की आधी मोबाइल दाखवतात.

२०

२० मे २०२४, रात्र, घाटकोपर पूर्व, पंतनगरचा परिसर. उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला. तीसहून अधिक पक्षी मेले, लक्ष्मीनगरच्या आसपास पडलेले सापडले.

ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ मधलं. रामसर यादीत नाव २०२२ मध्ये.

मुलांनी रोहितच्या पानात ‘धोके’ असा नवा रकाना केला: पाणथळ जागा बुजवणं, प्रदूषण, तीव्र दिवे, विमानं. मग तो रकाना बाकीच्या पानांवरही गेला. बिबट्यापुढे त्यांनी पहिलं लिहिलं: रस्ते.

२१

पक्ष्यांच्या इतर नावांसाठी टेबलावर मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश असतो. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. त्या आठवड्यात मुलांनी विचारलं, हे एवढं सगळं एका माणसाने कसं गोळा केलं? वन खात्यात नोकरी करत, रानात राहणाऱ्या माणसांना विचारत विचारत. त्यानंतर आमच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढली: ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ पाड्यांवरून उत्तरं येतात. इमारतींमधून कमी येतात.

२२

२०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचं शास्त्रीय वर्णन झालं. नाव ‘आयसियस तुकारामी’, २६/११ ला कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून. त्याच वेळी आरेतला ‘फिंटेला चोळकेई’ हा कोळीही नव्याने नोंदला गेला. २०१० मध्ये आरेच्याच नावाचा एक विंचू: ‘लायकस आरेएन्सिस’. आरेच्या दुग्धवसाहतीतल्या गवतात असं काही असेल, हे त्याआधी कुणाच्या यादीत नव्हतं.

तुकारामीचं पान बनवताना बहुतेक रकाने रिकामे राहिले. एका मुलाने ते दुसऱ्या कोळ्याच्या माहितीने भरायचं सुचवलं. नको. रिकाम्या रकान्यात ‘अजून नोंद नाही’ असं येतं. ते वाचून कुणाला तरी बघत बसावंसं वाटेल.

२३

राज्याचा मासा: रुपेरी पापलेट, २०२३ पासून. राज्याचं फुलपाखरू: राणी पाकोळी, म्हणजेच ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून.

फुलपाखरू बोरिवलीत उडताना दिसतं, यादीत आलं. पापलेट वर्सोव्याच्या समुद्रातलं, म्हणजे अंधेरीच. कोळीवाड्यातली मुलगी अडून बसली, तेही यादीत आलं. ‘काय खातो’ आणि ‘त्याला कोण खातो’ असे दोन्ही रकाने तिने स्वतः भरले. दुसऱ्यात तिने लिहिलं: आपण. मग खाली: पिल्लं पकडू नयेत, विकत घेऊ नयेत.

२४

पाड्यांवर रेंज येते-जाते. पान एकदा उघडलं की ते मोबाइलमध्येच साठून राहावं आणि नंतर इंटरनेटशिवाय उघडावं, अशी सोय ब्राउझरमध्ये असते. ती केली. फोटो बारीक केले. एका पानावर एकच फोटो आधी येतो, बाकीचे मागितले तर. जुन्या, तडा गेलेल्या काचेच्या फोनवर तपासलं. वाचनालयातल्या लॅपटॉपवर ते सगळं आधीच सुरेख दिसत होतं, पण लॅपटॉपच्या वाटेला बिबट्या येत नाही.

२५

२०११ मध्ये वन विभागाने संशोधक आणि नागरिकांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ सुरू केलं. एसजीएनपी म्हणजे हेच राष्ट्रीय उद्यान. पिंजऱ्यांऐवजी सभा. पत्रकारांशी, पोलिसांशी, शाळांशी, सोसायट्यांशी बोलणं. आमच्या पानावरच्या ‘काय करावं’ या भागातलं जवळपास सगळं अशा कामातून आलेलं आहे: अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका, उघड्यावर शौचाला बसावं लागत असेल तर सोबत आणि उजेड न्या, चालताना मोबाइलवर मोठ्याने गाणं लावा, दिसला तर घेरू नका, वाट मोकळी ठेवा.

उघड्यावर बसावं लागू नये यासाठी ॲप काही करू शकत नाही. ते पालिकेचं काम आहे. पानावर तसं लिहिलं आहे.

२६

सहावीतला एक मुलगा सगळी यादी खालपर्यंत बघून म्हणाला, “ताई, यात कुत्रा नाही.”

नव्हता. आमच्या टापूतला सर्वात जास्त भेटणारा प्राणी, रोज भेटणारा, चावणारा आणि जीव लावणारा. त्याच संध्याकाळी पान केलं. आकार: तुम्हाला माहीत आहे. कुठे भेटू शकतो: सगळीकडे. चावला तर: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. लस ठरलेल्या तारखांना, एकही डोस न चुकवता. कुत्रा मरतो की जगतो याची वाट पाहत थांबू नका.

मुलगा म्हणाला, फोटो आमच्या चाळीतल्या मोत्याचा घ्या. घेतला. डावी कूस आणि उजवी कूस, दोन्ही.